शाळेचे उघडे आवार आणि जमीन झाकणाऱ्या वनस्पती

जूनच्या मध्यास शाळा उघडते, त्या सुमारास वळवाच्या एकदोन सरी पडून गेलेल्या असतात. सुटीपूर्वी झाडून स्वच्छ ठेवलेले आवार बोटभर उंचीच्या हिरव्या कोंबांनी भरून गेलेले दिसते. जुलैअखेर तेच कोंब गुडघ्याएवढे होतात. मग एक शनिवार ठरतो. मुलांच्या हाती खुरपी येतात, गावातून दोन कुदळी मागविल्या जातात आणि दोनतीन तासांत आवार पुन्हा उघडे होते. पंधरवड्याने पाऊस येतो आणि तेच तण त्याच जागी पुन्हा उभे राहते. पावसाळ्यात ही खेप तीनचार वेळा होते आणि वर्षानुवर्षे चालू राहते. शिक्षकांचे व विद्यार्थ्यांचे श्रम येथे उणे पडतात असे मुळीच नाही. ते श्रम टिकत नाहीत, एवढेच.

ऊन, थोडी ओल आणि मोकळी माती ही तिन्ही जेथे एकत्र येतात तेथे काही ना काही उगवणारच. ती जागा कोणत्या वनस्पतीस द्यावयाची हे शाळेने ठरविले नाही, तर वाऱ्याबरोबर आलेले बी ते ठरविते. म्हणून तण काढण्याबरोबरच त्या जागी निरुपद्रवी, ठेंगणी व दुष्काळात तग धरणारी वनस्पती वसविणे हा या प्रश्नावरील टिकाऊ उपाय होय. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत शाळेपुढे पिण्याच्या पाण्याचाच प्रश्न असतो. तेथे आवारास रोज पाणी घालण्याची कल्पनाही करता येत नाही. अशा शाळांच्या उन्हातील जागांसाठी निवड कशी करावी याचा विचार पुढे केला आहे.

तण पुन्हा पुन्हा का उगवते

मातीच्या वरच्या थरात अनेक वर्षांचे तणाचे बी साठून राहिलेले असते. खुरपणीने उभी रोपे निघून जातात, पण त्याच वेळी माती खालीवर होऊन खोल दडलेले बी वर येते. बऱ्याच तणांचे बी अत्यंत बारीक असते व त्यात अन्नाचा साठा थोडा असतो. असे बी खोल मातीत रुजले तर जमिनीबाहेर येण्यापूर्वीच कोंबाची शक्ती संपेल. म्हणून अशा अनेक तणांच्या बिया उजेडाची खूण मिळाल्याखेरीज रुजत नाहीत.

ही खूण कोणती याचा उलगडा १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील संशोधनकेंद्रात झाला. लेट्यूस या पालेभाजीच्या ओल्या बियांवर तांबडा प्रकाश टाकला असता त्या रुजल्या. त्यानंतर लगेच दूर-तांबडा, म्हणजे तांबड्याच्याही पलीकडचा व डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा प्रकाश टाकला असता रुजणे थांबले. हे दोन प्रकाश आळीपाळीने टाकले तेव्हा शेवटचा प्रकाश कोणता, यावर बियांचे रुजणे अवलंबून राहिले. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात व दूर-तांबडा पुष्कळसा खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट पानांखाली पडलेल्या बीस वर जागा मोकळी नसल्याची सूचना मिळते व ते निजून राहते.

दुसरे कारण तापमानाचे. उघडी माती दिवसा तापते व रात्री निवते. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर उघड्या मातीच्या पृष्ठभागाचे तापमान दुपारी ५० अंश सेल्सिअसच्याही पुढे जाऊ शकते. दिवस व रात्र यांतील हा चढउतार अनेक बियांना जाग आणतो. झाकलेल्या जमिनीत तो सौम्य होतो. तिसरे असे की, आधीच वसलेल्या वनस्पतीची मुळे वरच्या थरातील ओल घेतात व नव्या रोपास ती पुरेशी मिळत नाही. उजेड अडविणे, तापमान सौम्य राखणे व ओलीचा वाटा घेणे या तीन मार्गांनी आच्छादन तणास आवर घालते.

लव्हाळा व कुंदा यांची गोष्ट मात्र निराळी आहे. लव्हाळा जमिनीतील गाठींपासून फुटतो व कुंदा भूमिगत कांड्यांपासून वाढतो. त्यांस बीप्रमाणे उजेडाची वाट पाहावी लागत नाही. सावलीने ते क्षीण होतात, परंतु आच्छादन लावण्यापूर्वी ते खणून, गाठी वेचून काढणे अवश्य आहे.

गाजरगवताचा विशेष धोका

शाळेच्या आवारातील सर्वांत घातक तण म्हणजे गाजरगवत अथवा काँग्रेस गवत. मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीची नोंद १९५०नंतरच्या दशकात पुण्यास झाली आणि पुढे ती देशभर पसरली. एकेका झाडास हजारो बिया येतात. पुरेशी ओल मिळाल्यास हे तण वर्षाच्या कोणत्याही ऋतूत उगवते, म्हणून एकदा उपटल्याने ते संपत नाही.

त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या वारंवार स्पर्शाने काही जणांच्या त्वचेस खाज, पुरळ व चट्टे येतात. परागांमुळे शिंका, सर्दी व दम्याचा त्रास उद्भवतो. हा त्रास पहिल्याच स्पर्शाने होतो असे नाही. पुष्कळदा अनेक वेळा संपर्क आल्यावर शरीर त्यास असहिष्णू बनते व पुढे थोडा स्पर्शही पुरतो. उघड्या हातांनी गाजरगवत उपटणाऱ्या मुलास आज काही झाले नाही, यावरून त्यास पुढेही काही होणार नाही असे मानणे चुकीचे आहे. विद्यार्थ्यांना हे तण उपटावयास लावू नये. प्रौढ व्यक्तींनी हातमोजे घालून, नाकातोंडास फडके बांधून व ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट काढावे. फुलापूर्वी काढलेले गवत खतखड्ड्यात टाकण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाणारे, पांढुरक्या पाठीवर तपकिरी उभ्या रेघा असलेले लहान भुंगेरे आढळल्यास ते मारू नयेत. मेक्सिकोतून आणलेले हे झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले. ते गाजरगवत खातात. मात्र पावसाळा संपल्यावर ते मातीत दडून राहतात, यास्तव केवळ त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

निवडीची कसोटी : उन्हाळ्याची सुटी

आच्छादनाची वनस्पती ठेंगणी असावी, म्हणजे सापविंचवास आडोसा होणार नाही व मुलांचे पाय कोठे पडतात ते दिसेल. तीस काटे नसावेत, कारण बरीच मुले अनवाणी खेळतात. ती शेजारच्या शेतात शिरून शेतकऱ्यास उपद्रव देणारी नसावी. या अटी सहज समजतात. सर्वांत कठीण अट मात्र निवडीच्या वेळी विसरली जाते. मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असते; त्या काळात आवारास पाणी घालणारे कोणी नसते आणि ऊन तर सर्वांत कडक असते. फेब्रुवारीत हिरवीगार दिसणारी वनस्पती या दीड महिन्यात एकटी जगते काय, हीच खरी कसोटी होय.

ही परीक्षा वनस्पती तीन प्रकारे उत्तीर्ण होतात. काही मुळाने तरतात : वरचा भाग वाळतो, पण जमिनीखालील मूळ किंवा कांडी जिवंत राहते व पहिल्या पावसाबरोबर फुटते. काही अंगातील पाण्यावर तरतात : त्यांची पाने व खोड मांसल असून पाणी साठवितात. काही बीजाने तरतात : झाड मरते, पण टणक आवरणाचे बी मातीत राहून पावसाची वाट पाहते. कोणती वनस्पती कोणत्या गटातील आहे हे ओळखले की ती कोठे लावावी आणि मे महिन्यात तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे आपोआप ठरते. मुळाने तरणारी हरळी मे महिन्यात पिवळी पडली म्हणून ती मेली असे समजून खणून काढण्याचे कारण नाही.

जागेनुसार निवड

खेळाचे मैदान. येथे हरळीस तोड नाही. दूर्वा म्हणून घरोघरी परिचित असलेली हीच वनस्पती होय. जमिनीवर धावणारी खोडे व जमिनीखालील कांड्या या दोहोंनी ती पसरते, तुडविणे सहन करते आणि माती धरून ठेवते. तीस भरपूर ऊन लागते. वडाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत ती विरळ होते, म्हणून तेथे लावू नये. शेतकरी हरळीस वैरी मानतो आणि ते योग्यच आहे. परसबागेचे वाफे व शेजारचे शेत यांच्या बाजूस वीत-दीड वीत खोल चर ठेवावा आणि त्यात उतरलेल्या कांड्या वरचेवर तोडाव्यात.

झेंड्याच्या ओट्याभोवती व व्हरांड्याच्या कडेस. येथे मुलांचे पाय कमी पडतात व शोभाही हवी असते. चिनी गुलाब, ज्यास अनेक ठिकाणी ऑफिस टाइम असेही म्हणतात, या जागेस शोभतो. त्याची फुले सकाळच्या उन्हात उमलतात व दुपारनंतर मिटतात. तो घोळीच्या कुळातील आहे. या कुळातील वनस्पतींत एक सोय असते : पाण्याचा ताण पडला की पानांची छिद्रे दिवसा मिटलेली ठेवून हवेतील कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेता येतो, त्यामुळे पाण्याची वाफ कमी होते. चिनी गुलाबास पाण्याचा निचरा होणारी मुरमाड जमीन मानवते. पाणी साचल्यास तो कुजतो. तुडविणेही त्यास सोसत नाही. कडक उन्हाळ्यात काही भाग वाळला तर उरलेल्या फांद्यांपासून व पडलेल्या बियांपासून जागा पुन्हा भरता येते. सुटीपूर्वी चार फांद्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कुंडीत लावून ठेवल्यास बियाणे हाती राहते.

खडकाळ, उथळ मातीची कड. माळरानावर आपोआप येणारी विष्णुक्रांता येथे टिकते. तिची खोडे जमिनीसरपट वाढतात, फुले लहान व निळी असतात आणि तिचे मूळ टणक असते. तिचे आच्छादन हरळीइतके दाट होत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. जेथे दुसरे काही तगत नाही तेथे तिचा उपयोग.

पाण्याच्या टाकीजवळची ओलसर जागा. हात धुण्याच्या जागेचे पाणी जेथे वाहते तेथे तण सर्वांत जोमाने वाढते. अशा उन्हातील ओलसर जागी रतोलिया अथवा जलपिंपळी लावावी. तिच्या खोडाची पेरे जमिनीस टेकली की तेथे मुळे फुटतात व लवकरच चटई विणल्यासारखी जमीन झाकली जाते. एकदा मूळ धरल्यावर ती काही काळ कोरडही सहन करते. तिच्या फुलांवर मधमाश्या व फुलपाखरे येतात, म्हणून अनवाणी मुलांच्या रोजच्या वाटेवर मात्र ती नसावी.

परसबागेतील रिकामे वाफे. येथे मटकी किंवा हुलगा पेरावा. दोन्ही पिके या भागातील शेतकऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची सोबती आहेत. मटकीचे वेल चहूकडे पसरून जमीन झाकतात. तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. पीक साधारण अडीच ते तीन महिन्यांत हाती येते आणि मूठभर का होईना, शाळेच्या पोषण आहारात शाळेच्याच मातीतील कडधान्य पडते. पीक कापताना मुळे जमिनीतच राहू द्यावीत व वाळलेला पाला वाफ्यावर पसरून ठेवावा.

कुंपणालगतची दूरची पट्टी. गाजरगवताचे मूळ ठाणे बहुधा येथेच असते. येथे टाकळा, म्हणजे विदर्भातील तरोटा, उपयोगी पडतो. पहिल्या पावसाबरोबर तो दाट उगवतो व आपल्या सावलीने गाजरगवताच्या रोपांना वर येऊ देत नाही. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तो कमरेएवढा वाढतो, म्हणून वर्गखोल्यांजवळ त्यास स्थान देऊ नये. पट्टीस लागून पिकाचे शेत असल्यास तेथेही तो पेरू नये. हिवाळ्यात टाकळा वाळतो. त्या वेळी थोडी ओल असल्यास गाजरगवत पुन्हा डोके वर काढते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या पट्टीवर एक नजर फिरविणे आवश्यक आहे.

काय लावू नये

रोपवाटिकांत पिवळ्या फुलांची वेडेलिया ही वेल जमीन झाकण्यासाठी सहज मिळते. ती लवकर पसरते हे खरे. पण उष्ण प्रदेशांतील अनेक देशांत ती बागेबाहेर पडून उपद्रवी ठरली आहे आणि कोरडवाहू जागी तीस पाणीही लागते. घाणेरी अथवा टणटणी दुष्काळात टिकते, परंतु तिची जाळी वाढून रान व्यापते. सराटा तर आच्छादनाचे सर्व गुण असलेली वनस्पती आहे. उन्हात, खडकाळ जमिनीत व विना पाण्याची तो सपाट पसरतो, पण त्याची काटेरी फळे अनवाणी पायांत रुततात. टिकाऊपणा हा एकच गुण पाहून निवड केली तर कसे फसावयास होते, हे या तिघांवरून कळावे.

लागवडीची रीत

सबंध आवार एका वर्षात झाकण्याचा उत्साह बहुधा अंगाशी येतो. प्रथम वर्षी दहा चौरस मीटरचा एकच तुकडा घ्यावा व तो नीट वसवावा. पुढील वर्षी त्यातूनच बेणे मिळते.

टाकळ्याच्या पक्व शेंगा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोळा करून बी कोरडे ठेवावे आणि मेमध्ये, पहिल्या पावसापूर्वी पट्टीवर फेकावे. बी वाळूबरोबर हलके चोळून घेतल्यास त्याचे टणक आवरण खरवडले जाते व उगवण सुधारते. सुटीतील हे एकच काम गावातील कोणा पालकाकडे सोपवून ठेवावे.

इतर वनस्पतींसाठी जूनमध्ये घाई करू नये. पहिल्या सरींनंतर तण उगवू द्यावे. ते बोटभर होताच माती फार न उकरता वरच्यावर खरडून काढावे. आठदहा दिवसांनी उगवलेली दुसरी खेपही तशीच काढावी. अशा रीतीने वरच्या थरातील बियांचा मोठा भाग लागवडीपूर्वीच खर्ची पडतो. या जागी गाजरगवत असल्यास ते काम प्रौढांनीच करावे. त्यानंतर जुलैमध्ये, जमिनीत चांगली ओल असताना, दोनतीन पेरांचे हरळीचे तुकडे सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. एक चौरस मीटरास अदमासे ४५ तुकडे लागतात. चिनी गुलाबाच्या फांद्या २० सेंटिमीटर अंतराने लावल्यास चौरस मीटरास २५ पुरतात. मधल्या मोकळ्या जागेत वाळका पालापाचोळा पातळ पसरावा. अवर्षणप्रवण भागात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो व परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. खंडाच्या काळात हात धुतल्याचे पाणी या तुकड्यास मिळाले तर लावलेले जगते.

पहिल्या हंगामात काम कमी होत नाही; उलट काहीसे वाढते. नवी वनस्पती जमीन झाकेपर्यंत मधून उगवणारे प्रत्येक तण हाताने वेचावे लागते. या वेळी कंटाळा केला तर सर्व श्रम वाया जातात. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र फरक दिसू लागतो आणि शनिवारची खुरपणी अधूनमधून करावयाच्या वेचणीवर येते.

अध्यापनात उपयोग

हा तुकडा परिसर-अभ्यासाची उत्तम प्रयोगशाळा आहे. काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करून ती एकदा आच्छादलेल्या व एकदा उघड्या जमिनीवर ठेवावी आणि तिच्यात उगवलेल्या तणांची संख्या मुलांकडून दर पंधरवड्यास मोजून घ्यावी. मोजताना उपटणे नाही, म्हणून गाजरगवतास हातही लावावा लागत नाही. दुपारी दोन्ही ठिकाणच्या मातीचे तापमान तापमापकाने नोंदवावे. या आकड्यांचा स्तंभालेख गणिताच्या तासास काढता येतो. टाकळ्याच्या पानांचे संध्याकाळी मिटणे व चिनी गुलाबाच्या फुलांचे दुपारनंतर मिटणे यांची नोंद लहान मुलेही आनंदाने ठेवतात.

शिक्षकांच्या बदल्या होतात. एकाने लावलेली फुलझाडे दुसऱ्याच्या काळात पाण्यावाचून वाळून गेल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. दुष्काळाची व सुटीची परीक्षा दिलेले आच्छादन लावणाऱ्याच्या बदलीनंतरही उभे राहते. तरीही कोणत्या जागी काय व केव्हा लावले, कोणत्या बाजूस चर ठेवला आणि गाजरगवत कोठे उगवते याची एक पानभर नोंद शाळेच्या दप्तरी ठेवावी. नव्याने येणाऱ्या शिक्षकाने मे महिन्यातील पिवळी हरळी पाहून कुदळ उचलू नये, एवढे काम ती नोंद निश्चित करील.